चंपतरावांचा बोलता टॅब

माह्या नवऱ्याच्या आवाजानं अख्खं बसस्टँड वैतागलेलं राहे. प्रायव्हेट बसवर सवाऱ्या बोलवायचे ना ते. "सावनेर, सावनेर, सावनेर!" घरी आले तरी आवाज तोच. "हळू बोला जी, मी काय सावनेरले चालली का?" असं मी किती वेळा म्हटलं असंल. माहीच जीभ झडाले पाहिजे होती.

तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्याईले जिभेचा कॅन्सर झाला. डॉक्टरनं जीभ अर्धीअधिक कापली, जीव वाचला. आवाज निघते, पण शब्द होत नाही. घरी आल्यावर एकदा भाजीवाल्याशी बोलाले गेले, तर त्यानं भिकारी समजून हातावर नाणं ठेवलं. तेव्हापासून चंपतरावांनी तोंड बंद केलं. माह्यासमोर बी.

मंग आमच्या पोरीनं, काजलनं, एक जुना टॅब आणून देला. त्याच्यात नोट लिहायचं ॲप होतं. बोटानं लिहायचं, बटण दाबलं की आतली बाई वाचून दाखवे. बाई एकदम पुण्याची! "साखर कमी टाक वं," असं ती शुद्ध सुरात म्हणे, तेव्हा अंगाची आग होये माह्या. माह्या चुलीपाशी येऊन मलेच हुकूम! पण सवय झाली. आपला नवरा तिच्याच तोंडानं बोलून राहिला तर काय करता?

काजलचं लग्न सावनेरच्या ऋषिकेशसोबत जमलं. पोरगा मिहानमध्ये कंपनीत आहे, कॉम्प्युटरवाला. आता साक्षगंधात, म्हंजे साखरपुड्यात, आमच्याकडे पोरीच्या बापानं उभं राहून चारचौघांत सांगा लागते, पोरगी देली म्हणून. माहे जेठ, यायचे मोठे भाऊ गोपाळराव, पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी बोलतो ना. मी काय परका आहो?" यायनं टॅबवर लिहिलं, "बाप मी आहो." आन् बाईनं ते सगळ्यायसमोर वाचलं. गोपाळराव चहा न घेताच गेले.

मंग हे रोज बसून साक्षगंधातलं बोलणं लिहू लागले. खोडत, परत लिहीत. एवढा जीव त्याईनं कशात लावलेला मी पाह्यला नव्हता.

आन् एका सकाळी टॅबचा आवाज गेला. नोट दिसे, वाचायचं बटणच गायब. खाली लिहून आलं, नवीन ॲप या जुन्या डिव्हाइसवर चालणार नाही. बाप्पा! दवाखाना झाला, रेडिएशनचे शेक झाले, पेज पातळ करू करू हात दुखले, आता हे. मी तिथंच खाली बसली. कोणावर चिडावं तेही कळेना.

ऋषिकेशनं नवा फोन आणला. "मामाजी, याच्यात ॲप मस्त चालते." चालते, पण जुन्या टॅबवरच्या नोट त्याच्यात गेल्या फोटो बनून, आन् फोटो काही तो वाचेना. शेवटी काजलनं बापाचं सगळं लिहिलेलं नव्यानं टाइप केलं. फोन बोलला. चला, सुटलो, म्हटलं.

कुठलं सुटता! साक्षगंधाचा हॉल सावनेरले, जमिनीखाली. चंपतराव उभे राहिले, बटण दाबलं, अन् स्क्रीनवर चाक फिरत राह्यलं. जुनं ॲप नेट नसलं तरी बोले, नव्याले नेट लागे. ऋषिकेश फोन घेऊन पायऱ्यांपर्यंत पळून आला. "मामी, नेटच नाही." इकडे गोपाळरावांनी घसा खाकरला.

माह्या डोक्यात सणक गेली. जुना टॅब पिशवीतच होता, घरी ठेवू देला नव्हता यायनं. तो काढला आन् मीच वाचाले लागली. "मी काजलचा बाप..."

बाया फिदीफिदी हसल्या. कानापर्यंत तापली मी, पण थांबली नाही. "जिंदगीभर मी सावनेरच्या सवाऱ्या बसवल्या. आज त्याच गावाले माही..."

स्क्रीनवर त्यायचा तळहात आला. मी मान वर केली. चंपतराव लोकायकडे पाहून राहिले होते, आन् ते बोलले. टॅब नाही, फोन नाही, तोंडानं. "पोरगी देली." दोन शब्द. दोन्ही नीट नव्हते, अर्धे नाकातून, अर्धे घशातून. काजल ढसाढसा रडू लागली. ऋषिकेशचे वडील, धोंडबाजी, उठले, हात जोडले. "ऐकलं जी, व्याहीबुवा. घेतली आम्ही पोरगी."

घरी आलो तेव्हा लुगडं सोडायचंही त्राण नव्हतं माह्यात. भिंतीले टेकून पाय पसरले. आतून आवाज आला, घोगरा, तुटका. चहा मागून राहिले होते. फोन त्यायच्या बाजूलेच पडला होता, घरात नेटही होतं.

मले रडू आलं. मंग उठली, आन् साखर कमी टाकली.