खिडकीतून फेकलेलं घर

पनवेलहून उजाडता उजाडता निघालो, तेव्हा मुक्ताने एकच अट घातली. "बाबा, गाडी तुम्ही चालवा. पण मध्ये बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. गप्प बसण्याची सवय मला नाही, हे माझ्या मुलीला चांगलं ठाऊक होतं.

मागच्या सीटवर पिलार होती, दक्षिण स्पेनमधल्या एका समुद्रकाठच्या गावची. ती प्रवाशांचे गट घेऊन फिरते. हिवाळ्यात त्यांना दिवेआगरला उतरवायचं तर घर कसं आहे, हे बघायला आली होती. तिला इंग्रजी जेमतेम येतं, म्हणून स्पॅनिश शिकलेली मुक्ता दुभाषी. मुक्ताचं हे पहिलंच काम. घर पसंत पडलं तर घरवालीला पाहुणे मिळणार होते आणि मुक्ताला हंगामभराचं काम.

काशीदच्या पुढे एका कोळीवाड्यात जवळा (बारीक कोळंबी) वाळत घातला होता. वासाने मी नाकाला रुमाल लावला. पिलार मात्र उतरून थेट तिथेच उकिडवी बसली. तिने एक म्हण सांगितली. मुक्ताने ती जवळा पसरणाऱ्या कोळणीला मराठीत सांगितली, "झोपलेल्या कोळंबीला धार वाहून नेते."

"यू स्नूझ, यू लूझ," मी लगेच म्हणालो. परीक्षेत आम्ही जोड्या लावायला देतो. डावीकडे एक म्हण, उजवीकडे तिचं उत्तर. मला उत्तर आलं होतं.

कोळणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नेऊ दे की! धारेनं नेली न्हाय तर आमच्या डोलीत कशी यायची?" डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या धारेत बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. मुक्ताने ते सांगताच पिलार इतकी हसली की वाळूत टेकलीच.

आगरदांड्याला गाडी बोटीत चढवली, खाडी ओलांडून दिघीला उतरलो. जेवणाच्या वेळेला दिवेआगर आलं. नारळी-पोफळीच्या सावलीत सुमनकाकूंचं घर. चक्रीवादळात जुनं गेल्यावर हे त्यांनी नव्याने उभं केलेलं. पानात सुरमई, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि वर उकडीचे मोदक.

पिलार हात पसरून काहीतरी म्हणाली. मुक्ताच्या तोंडात घास होता. मी दोन महिने फोनवर चोरून स्पॅनिश शिकत होतो. कासा म्हणजे घर, बेंताना म्हणजे खिडकी, एवढं मला कळलं. राहवलं नाही.

"काकू, ती म्हणते, तुम्ही घर खिडकीतून फेकून दिलंत."

काकूंचा वाढता हात थांबला. "आम्ही न्हाय फेकला, मास्तर. वाऱ्यानं फेकला."

मुक्ताकडे झुकून मी कुजबुजलो, "त्यांनी खर्चाला हात आखडला नाही, एवढाच अर्थ आहे ना? तेवढं सांग आणि विषय बदल. पिलारला कळू देऊ नकोस."

"दोघींनाही कळायला हवं, बाबा."

तिने काकूंना म्हणीचा अर्थ सांगितला. मग पिलारला सांगितलं, काकूंना काय ऐकू आलं आणि ते का लागलं. पिलारचा चेहरा उतरला. ती पानावरून उठली.

"बस गं बाय! भरल्या पानावरनं उठू नये," काकू म्हणाल्या. हे मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही, पिलार बसली. काकूंनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. नव्या गिलाव्यात एक जुनी सागवानी खिडकी होती. "कौलं विहिरीत, वासे वाडीत. ही खिडकी तेवढी उभी होती. गवंडी म्हणाला, नवीन लावू. मी म्हटलं, न्हाय. हिच्याभवती घर बांध."

मुक्ता सांगत होती. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. काकू थांबल्या की ती थांबे. कुठल्याही जोडीत हे बसणारं नव्हतं.

पिलार हळूच काही बोलली. मुक्ता म्हणाली, "काकू, ती म्हणते, तुम्ही खिडकीतून घर परत आत घेतलंत."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "हां, हे बरोबर बोलली. तिला आणखी एक मोदक वाढते." मग माझ्याकडे वळल्या. "आणि मास्तर, तुम्ही दोन घ्या. तोंड भरलेलं बरं!"

निघताना पिलारने घर ठरवलं. मुक्ताचं हंगामभराचं काम पक्कं झालं. माझ्या चुकीबद्दल मुक्ताने गाडीत एक शब्द काढला नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या बोटीत दोर सांभाळणाऱ्या माणसाने विचारलं, "काका, फॉरेनरबरोबर गाईड तुम्ही काय?"

"नाही. मी ड्रायव्हर. दुभाषी ती. माझी मुलगी."

एरवी 'मुलगी भाषा-बिषा करते' असं सांगून मी विषय संपवत असे. त्या दिवशी मात्र आवाज इतका मोठा निघाला की कठड्याशी उभ्या असलेल्या दोघींनी वळून पाहिलं. मी काय म्हणालो, ते पिलारने मुक्ताला विचारलं. मुक्ता समुद्राकडे बघत तिला सांगू लागली.

काय सांगितलं, मी विचारलं नाही.