पंच जागेश्वरची चप्पल

विणकरांच्या मोहल्ल्यातला जागेश्वर तीस वर्षं कबड्डीचा पंच होता आणि बघ्यांची त्याला शिसारी येई. पोरं जिंकली की हीच माणसं त्यांना खांद्यावर नाचवत. हरली की त्यांच्या आईबापाचा उद्धार करत.

शहात्तर साली महाल भागातल्या फायनलमध्ये शेवटच्या चढाईला त्याच्याच मोहल्ल्यातल्या पोराचा दम तुटला. जागेश्वरनं शिट्टी फुंकून त्याला बाद दिलं. मॅच गेली.

"आपला पंच असून आपल्याच पोराले बाद? काहून गा?" लोक ओरडले, थुंकले. मग चपला आल्या. एक त्याच्या कानशिलावर बसली.

त्यानं ती उचलली. अंगठा मागावरच्या हिरव्या सुतानं शिवलेला होता. सकाळी त्यानंच तो धाकट्या भावाला, देवरावला, शिवून दिला होता.

घरी देवराव एक पाय अनवाणी ठेवून ओट्यावर बसला होता. "गर्दीत हरवली, दादा," तो खाली मान घालून म्हणाला.

जागेश्वरनं चप्पल त्याच्यापुढं टाकली आणि सुई हातात घेतली.

"दुसरीबी दे. तिचाबी अंगठा सैल झाला. पुढच्या मॅचले लागन तुले."