वजन घटवण्याचं पहिलं बक्षीस

विमा कंपनीने आमच्या सोसायटीत वजन घटवण्याची स्पर्धा भरवली आणि पहिलं बक्षीस नाडकर्णींनी मारलं. माणूस एवढा हलका झालेला, की टाळ्यांच्या वाऱ्याने उडून गच्चीवर जाईल म्हणून मी मागून त्यांचा सदरा धरून उभा होतो.

"वहिनी, गुपित सांगा की सगळ्यांना!" कंपनीच्या एजंटाने नाडकर्णी वहिनींपुढे माईक केला.

"यांच्या घशाखाली घास उतरत नाही हो. उद्या तपासणीला नेतेय."

टाळ्या तर सुरू झालेल्या, थांबवायच्या कशा? बारीक होणाऱ्याचा हेवा करायला आपण सदा तयार; का बारीक झाला, हे विचारतो कोण? विचारपूस केली ती एकट्या एजंटाने. माईक बंद करून तो वहिनींच्या कानाशी वाकला.

"पॉलिसी काढायच्या आधीपासूनच घास उतरत नव्हता ना?"