चारच्या चहाला उघडणारा ट्रे

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा सीडीचा ट्रे दुपारी चारच्या सुमाराला बाहेर आलेला असायचा. आलेला असायचा असंच म्हणतो, कारण येताना मी तो कधी पाहिला नाही. सुट्टीच्या दिवशी जेवून आडवा व्हायचो, उठून बाहेरच्या खोलीत यायचो, तर टेबलाखाली तो काळा डबा आणि त्यातून वीतभर पुढे आलेला ट्रे. कॉम्प्युटर मी चालूच ठेवायचो, मॉनिटर तेवढा बंद. आई स्वयंपाकघरात चहा गाळत असायची. मी पायाने ट्रे आत ढकलायचो आणि चहाला बसायचो.

घरात आई आणि मी, दोघंच. माझं लग्न टिकलं नाही, तो विषय वेगळा. उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात मी वीस वर्षं कॉम्प्युटर जोडतोय. त्यामुळे भूतबीत काही डोक्यात आलं नाही. बटण चिकटलं असेल म्हटलं. एकदा बटण साफ केलं, एकदा सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. पुढच्या सुट्टीला चार वाजता ट्रे बाहेर होताच.

तो डबा माझ्या दादाचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या सीड्या राईट करून द्यायचा. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले होते, त्यामुळे घरातला मोठा माणूस तोच. तेव्हा आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो, तळमजल्यावर. नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा टीव्ही, गाद्या, धान्य सोडून त्याने हा डबा डोक्यावर घेतला आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला. आई पुढे कित्येक वर्षं त्याला ऐकवायची, "आधी डब्याला नेलंस, मग आईला."

चारचा चहा आला की दादा बटण दाबायचा. ट्रे सरसर पुढे यायचा. "आई, बघ, हात पुढे केला याने. दे काहीतरी." आई त्यावर खारीचा तुकडा ठेवायची आणि दादा तो उचलून तोंडात टाकायचा. रोज तोच विनोद आणि रोज दोघं हसायची. मला चीड यायची त्या पोरकटपणाची. ट्रे अडकला की दादा तिच्याकडे पिन मागायचा, कारण तिच्या बांगडीला दोन-तीन पिना कायम अडकवलेल्या असायच्या. ती पिन द्यायची आणि लांब सरकायची. डब्याला हात लावला की शॉक बसतो, अशी तिची पक्की समजूत. खारीसुद्धा ती दोन बोटांत धरून वरूनच सोडायची.

दादा तापाने गेला. चार दिवसांचा ताप, तोही हसण्यावारी नेलेला. पस्तीस वर्षांचा होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे बाजूला झालो. माणसं जवळ असली की कावळा येत नाही. कावळे समोरच्या झाडावर होते, चांगले दहा-बारा. एकही खाली उतरेना. मामा पुढे होऊन काहीबाही कबूल करून आला. दादाचे कंपनीतले मित्र हात जोडून आले. मी गेलो आणि म्हटलं, "आईला मी बघीन." कावळे आमच्याकडे बघत होते, पण हलले नाहीत. दोन तास गेले, ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पुढचं उरकलं. 

आमच्याकडे बायका नदीवर जात नाहीत. आई दारातच उभी होती. "शिवला का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "लगेच."

त्याला आता नऊ वर्षं झाली. दरम्यान मांजर्लीची खोली विकून आम्ही चिखलोलीला चौथ्या मजल्यावर आलो. डबाही आला. आतलं सगळं मी हळूहळू बदललं, बोर्ड बदलला, मेमरी बदलली, पण बाहेरचं कॅबिनेट आणि सीडीचा ड्राइव्ह तेवढे तेच ठेवले. आईने कधी तसं सांगितलं नव्हतं. पण बदलायचा विषय काढला की ती उठून आत जायची.

दुकानात मात्र सगळं बदललं होतं. आता येणाऱ्या कॅबिनेटला सीडीची खाच नसतेच. पुढे जाळी, बाजूला काच, आत रंगीत दिवे. ती खाच कधी गेली तेही नक्की आठवत नाही. पहिल्यांदा दोनाची एक झाली, मग तिच्यावर झाकण आलं, मग एके दिवशी लक्षात आलं की गेल्या कितीतरी मशीनांत आपण ती पाहिलेली नाही. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. पूर्वी मशीन जोडून झालं की शेवटी ट्रे उघडून-मिटून दाखवायचो, तेवढ्यावर माणसं खूश व्हायची. आता बटण दाबलं की दिवे लागतात, बस. ही नवी कॅबिनेटं ओळीने मांडलेली असली की मला त्यांच्यासमोर बसून जेवणाचा डबा खायला आवडत नाही. सगळ्यांनी तोंड मिटून घेतल्यासारखं वाटतं.

तर एका सुट्टीच्या दिवशी उठून बाहेर आलो आणि ट्रेवर खारीचा तुकडा दिसला.

मी तिथेच थांबलो. खिडकीतून उन्हाचा पट्टा बरोबर त्या ट्रेवर आला होता. खारीचे पापुद्रे दिसत होते. मी मोरीत गेलो, तोंडावर पाणी मारलं, परत आलो. ट्रे आत गेलेला. खारी नाही. खाली वाकून फरशी पाहिली, चुरा नाही. मुंगीसुद्धा नाही. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"आई, खारी तू ठेवलीस?"

"कसली खारी?" ती वळली नाही.

मला भीती वाटली की मी चिडतो, लहानपणापासून. ट्रेमध्ये बिघाड आहे, तो आपोआप उघडतो आणि आई त्याला दादा समजून बसलीय, असा मी सरळ हिशेब केला. म्हातारं माणूस, दिवसभर एकटं. हे वेळीच थांबवायला हवं. पुढच्याच आठवड्यात दुकानातून नवं कॅबिनेट आणलं, तिच्यासमोर बसून आतलं सगळं त्यात बसवलं आणि जुना डबा, आतल्या ड्राइव्हसकट, रिक्षात घालून दुकानात नेला. आईने अडवलं नाही. नवीन कॅबिनेटकडे खूप वेळ बघून एवढंच म्हणाली, "याला हात नाय?"

"आता कुणालाच नसतो," मी म्हटलं. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर आईने चारचा चहा बंद केला. पित्त होतं म्हणाली. मग बोलणं कमी झालं. मग जेवण. मी घरी असलो की ती टेबलासमोर खुर्ची घेऊन बसलेली दिसायची, हात मांडीवर, नजर त्या जाळीवर. हाक मारली की दचकायची. महिन्याभरात तिची बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागली. डॉक्टर म्हणाला, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. माझ्या डोळ्यांदेखत आई चालली होती आणि का ते मला कळत नव्हतं.

असे दोन महिने गेले. दुकानात एके दुपारी शेठ जुन्या डब्यावर पाय आपटून म्हणाला, "साईं, ये मुँहवाला डब्बा अभी कौन लेगा? खोल के स्क्रॅप में डाल."

मी पत्रा काढला. ड्राइव्हचे स्क्रू सोडवायला मागे हात घातला आणि हात तसाच राहिला. ड्राइव्हच्या मागे, जिथे करंटची वायर लागते, तिथे धूळ साचली होती. जुनी, जाड, न हललेली धूळ, वर कोळ्याचं जाळं. आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी नवी हार्ड डिस्क टाकताना वायर कमी पडत होती म्हणून मीच ड्राइव्हची काढून तिकडे लावली होती. नंतर लावू म्हटलं आणि विसरून गेलो.

म्हणजे दोन वर्षं त्या ड्राइव्हला करंटच नव्हता. मोटर फिरणं शक्यच नव्हतं. आणि दोन वर्षं तो ट्रे चार वाजता बाहेर येत होता.

मी बोटाने ती धूळ पुन्हा चाचपून पाहिली. "क्या हुआ?" शेठ म्हणाला.  ड्राइव्ह काढला, पिशवीत घातला आणि निघालो. रस्त्याने पिशवी अंगापासून लांब धरली होती मी. वीस वर्षं हे काम करणारा माणूस, आणि जे पहिलं आठवायला हवं होतं ते मला आठवलंच नाही.

लॅचला किल्ली लावून हळूच दार उघडलं. चार वाजायला आले होते. आई टेबलाखाली, फरशीवर बसली होती, पाठ माझ्याकडे. बांगडीतली एक पिन उघडून, ताठ करून तिने बोटांत धरली होती आणि नव्या कॅबिनेटच्या जाळीवरून ती टोचत टोचत वरून खाली येत होती. एक भोक, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकात पिन घालायची, थांबायची, वाट बघायची, काढायची. जाळीला भोकं शेकड्यांनी होती. शेजारी बशीत खारीचा तुकडा.

"यातलं कुठलं रे?" मागे न बघता तिने विचारलं.

प्रत्येक ड्राइव्हला पुढे एक बारीक भोक असतं. वीज नसली, ट्रे अडकला, तर त्यात पिन घालायची, ट्रे बोटभर पुढे येतो आणि मग हाताने ओढायचा. दादा आईसमोरच तर ते करायचा. शॉकला भिणारी माझी आई नऊ वर्षं, मी झोपलो की, त्या डब्यात पिन घालत होती.

मी खाली बसलो. रडू आलं ते लपवलं नाही. "आई, मला वाटलं तो बिघडलाय. मला वाटलं तुला काहीतरी भास होतोय."

"भास कसला? मी उघडते, मला म्हाईत नाय?"

"मग कशाला?"

तिने पिन बांगडीला परत लावली. "कावळा शिवला नव्हता त्या दिवशी."

"कोण म्हणालं? मी तर—"

"तू लगेच म्हणालास," आई म्हणाली. "जेवायला बोलावल्यावर तो कधी लगेच आलाय का?"

मी पिशवीतून ड्राइव्ह काढून तिच्यासमोर ठेवला. तिने त्याच्या पुढच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, न बघता भोक शोधलं, पिन घातली. ट्रे बोटभर पुढे आला. तो तिने ओढला, ड्राइव्ह देवघराशेजारच्या फळीवर नीट बसवला आणि खारी ठेवली. मी तिथेच उभा होतो.

"बाजूला हो," ती म्हणाली. "माणसं असली की येत नाय."

मी गॅलरीत जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिलो. खाली नव्या बिल्डिंगच्या पायाचं काम चालू होतं, मशीन धडधडत होतं. कामगार चहाला थांबले, मशीन बंद झालं, परत सुरू झालं. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरून खाली गेलं. वळून बघायचं माझ्या कितीदा मनात आलं. नदीवर इतकं वाटलं नव्हतं. मग आतून ट्रे आत गेल्याचा आवाज आला, टक्.

"ये," आईने हाक मारली. "शिवला."

हाक स्वयंपाकघरातून आली होती. मी आत गेलो. ती ओट्यापाशी उभी होती, हात कणकेने भरलेले, कोपरापर्यंत. तीही बाजूलाच झाली होती. फळीवर ट्रे मिटलेला. मी जवळ गेलो नाही.

"लगेच?" मी विचारलं.

"लगेच कसला," आई म्हणाली. "माझा चहा गार केला त्यानं."

ओट्यावर तिचा चहाचा कप होता, नऊ आठवड्यांनी पहिल्यांदा केलेला. मी तो गरम करायला घेतला.