शिमग्यात न चाललेली बोंब

टोकावड्याजवळच्या आमच्या गावात एकदा माझी जीभ वर्षभरासाठी बंद करण्यात आली. गावकीच्या बैठकीत मी एवढंच विचारलं होतं, "देवी येते भगताच्या अंगात, पण बोलते नेमकं पाटलांच्या मनातलं. असं कसं?" मी तेव्हा बाविशीचा, अंगात मस्ती भरपूर. पाटलांनी जागच्या जागी शिक्षा ठोकली: वर्षभर याने प्रत्येक बैठकीला यायचं, बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हाकलून दिलं असतं तरी परवडलं असतं! समोर बसून, ओठ मिटून त्यांची भाषणं ऐकताना मी एकच करत होतो. शिमग्याचे दिवस मोजत होतो.

धुळवडीला आमच्याकडे कुणाच्याही दारात जाऊन काहीही बोंबलावं. घरधन्याने हसून गूळखोबरं द्यावं. जो चिडेल तो गावकीचा गुन्हेगार.

सकाळीच टोळकं घेऊन पाटलांच्या अंगणात उभा राहिलो. आधी त्यांच्या मिशीच्या नावाने बोंब मारली, मग पोटाच्या, मग त्यांच्या आजोबांच्या अशा भानगडींच्या, की त्या इथे लिहिता येणार नाहीत. पाटील गदगदा हसत होते. "आजून बोल रे! लाजतोस काय नवरीवानी?"

मग मी तोंडावर हात मारून ओरडलो, "देवीच्या तोंडून पाटील बोलतो रे, बो बो बो!"

पाटील काठी घेऊन ओटा उतरले. "आज्यावरून बोललास, चाललं. ह्ये नाय चालायचं!" आणि माझ्या खांद्यावर काठी बसली. काय गोड लागली म्हणून सांगू!

दारातून त्यांची म्हातारी आई कडाडली, "शिमग्याला काठी उचललीस रे मेल्या? आता गावकी तुला सोडल काय?"

सोडलं नाहीच. काठी साऱ्या गावाने पाहिली होती. संध्याकाळच्या बैठकीत पंचांनी माझीच शिक्षा त्यांना लावली. पाटील हात जोडून म्हणाले, "निदान आज माझी बाजू तरी मांडू द्या." मार मी खाल्लेला, म्हणून पंचांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे, बोलू द्यायचं काय यांना?"

कुणाचंही तोंड दाबू नये, असं मी हल्ली चारचौघांत सांगतो, आणि मानतोही. त्या दिवशी मात्र, मला बैठकीत बोलायला बंदी असल्यामुळे, मी नुसती मान हलवली: नाही. पाटलांना नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.