गोळी गुडघ्याला, घंटा कानाला

कानाच्या डॉक्टरकडे किस्से कसे जमतात? कानातल्या मळासारखे! आपण काही करायचं नसतं, आपोआप साचतात.

आधी जळगाव, मग धुळे, अशी ऐंशी-नव्वदच्या काळातली माझी प्रॅक्टिस. मलेरियाचं कोयनेल, सांधेदुखीची ॲस्पिरिन, टीबीची इंजेक्शनं... रोग हटवता हटवता कानात वाजायला लावणारी औषधं बरीच. पण पेशंटने सरळ "कानात आवाज येतो" म्हणावं? शपथ!

*

चोपड्याकडचे एक भाऊ, केळीवाले. मलेरियासाठी कोयनेल चालू होतं. सोबत आणखी एक जण घेऊन आले.

"डाक्टर, कानमा मोटर चाली राहिनी. लाइट गयी तरी चालस!"

"आणि हे कोण?"

"वायरमन शे."

सगळं घर तपासून आलेला वायरमन गंभीरपणे म्हणाला, "साहेब, मी बठ्ठी वायरिंग दखी. फॉल्ट यास्ना कानमाच शे!"

कोर्स संपला आणि मोटर बंद पडली. गावात श्रेय मात्र वायरमनला मिळालं!

*

जळगावचे एक हेडक्लार्क. सांधे दुखायचे म्हणून त्यांना फॅमिली डॉक्टरने ॲस्पिरिन लिहून दिलेली. दुसऱ्याच दिवशी घाबरेघुबरे हजर.

"डॉक्टर, दोन्ही कानांत शिट्ट्या!"

"किती गोळ्या घेतल्या?"

"घेतोय कसला! खोक्यातला कागद वाचला फक्त."

*

सोनगीरच्या अक्का. गुडघेदुखीवर ॲस्पिरिन अशा खायच्या, जसे आपण फुटाणे खातो. एक दिवस त्यांच्या कानात झांजा वाजू लागल्या. दिवसभर, न थांबता.

अक्कांनी जाहीर केलं, "मना कानमा देवनं भजन चालू शे!"

झालं! गल्लीतल्या बायका पाया पडायला येऊ लागल्या. एकीने तर अक्कांच्या कानाला कान लावला आणि म्हणाली, "मला पण थोडं ऐकू आलं!"

मुलगा काळजीने माझ्याकडे घेऊन आला. मी गोळ्यांबद्दल विचारलं, तर अक्कांनी कनवटीची पुरचुंडी सोडून टेबलावर ओतली. मी हादरलो. त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायचा! लगेच बंद केल्या, गुडघ्याला लावायला तेल दिलं. आठवड्यात झांजा थांबल्या.

अक्का परत आल्या त्या भांडायलाच.

"गुडघा दुखस तो दुखसच! वरतून मना देव बी काढी लिधा तुम्ही!"

*

माझंही ऐका. मला मलेरिया झाला आणि मीही कोयनेल घेतलं. दुपारी पडलो होतो तर फोनची रिंग. धडपडत उठलो, रिसीव्हर उचलला, "हॅलो, हॅलो!" रिंग चालूच!

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, फोन गेल्या महिन्यापासून डेड आहे. तुम्हीच तर कंप्लेंट केलीत!"

*

आणि धुळ्याचा तो क्लॅरिनेटवाला. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. ऐन तिशीत टीबी झाला. रोज एक इंजेक्शन. खोकला कमी झाला, पण कानात एकच सूर ठाण मांडून बसला. बरेच दिवस तो कुणाला बोललाच नाही. बहिरा झालो असं कळलं तर बँडमध्ये परत कोण घेणार?

शेवटी बायकोने त्याला माझ्यासमोर बसवलं. मी म्हटलं, "कसला आवाज येतो?"

"काळी चार."

"काय?"

"काळी चारचा सूर, साहेब. हार्मोनियमवर ताडून पाहिलाय."

मला हसू येईना. याच इंजेक्शनने माणूस कायमचा बहिरा होऊ शकतो. तडक टीबीच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी इंजेक्शन थांबवून दुसरं औषध दिलं. ऐकणं वाचलं. सूर मात्र गेला नाही. "हा आता बहुतेक राहणार," मी सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि विचारलं, "वाजवता येईल ना, साहेब?"

टीबी बरा झाला, छातीत दम परत आला. पुढे एका लग्नात बँड उभा होता, त्यात हा क्लॅरिनेट घेऊन पुढच्या रांगेत! मला इतकं बरं वाटलं की मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेलो.

"काय रे, तो आवाज अजून येतो का? एक नवीन गोळी आलीय, बघायची का देऊन?"

तो काही बोलायच्या आत बँडमास्तर मध्ये पडला आणि त्याने चक्क माझे हात धरले.

"साहेब, पाया पडस, त्याले गोळी नका दिज्यात! बठ्ठा बँड त्याना कानवर सूर लावस!"