दिवे लागायच्या आत

आमच्या कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉलवाल्या पोरी कुठेही भेटल्या, लग्नात म्हणा की दवाखान्यात म्हणा, तरी पहिली पाच मिनिटं सासर, मुलं आणि गुडघेदुखी चालते. मग कोणीतरी म्हणते, "इंगोले मॅडमचा तो किस्सा आठवते का?" झालं! जेवण थंड होतं, नवरे गाडीत बसून हॉर्न वाजवतात, आणि एकीचा किस्सा संपेस्तोवर दुसरीला तीन आठवलेले असतात.

मॅडमनी अमरावतीच्या आमच्या कॉलेजात पोरींना बास्केटबॉल शिकवण्यात अख्खी नोकरी घालवली. यंदा त्या रिटायर झाल्या. एवढं साठलेलं आता आवरणार कोण? म्हणून मीच बसले. मी वकील आहे, बोलायची सवय आहे, आणि शेवटच्या किश्शात गाडी मी चालवत होते.

* * *

माझ्यापासूनच सुरू करते. फर्स्ट इयरला मी वर्गात सगळ्यात उंच, म्हणून पाठीत वाकून चालायचे. मॅडमनी व्हरांड्यात मला मागून खांद्याला धरून सरळ केलं आणि संध्याकाळी थेट आमच्या घरी आल्या.

आमचे बाबाही वकील. आलेल्या माणसाची उलटतपासणी झाल्याशिवाय घरात चहा ठेवला जात नसे. पोरगी कुठे खेळणार, कोणासोबत जाणार, पाय मोडला तर जबाबदार कोण, सगळं विचारून झालं. मी आतल्या दारामागे उभी. शेवटी बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, की ती हाफ पँट घालावीच लागते का.

"लागते वकीलसाहेब," मॅडम म्हणाल्या. "तुमी लुगडं नेसून धावून दाखवा, मंग पोरींलेही नेसवू."

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. बाबा काही हसले नाहीत. त्यांना हमी पाहिजे होती. तेव्हा मॅडमनी ते वाक्य म्हटलं, जे त्या प्रत्येक पोरीच्या घरी जाऊन म्हणायच्या.

"दिवे लागायच्या आत पोरगी दारात. एक दिवस चुकली, तं पुन्हा माह्याकडे पाठवू नका."

आमची टीम या एका वाक्यावर उभी होती. वलगाव, परतवाडा, अंजनगाव सुर्जी, कुठकुठचे बाप या वाक्याच्या भरवशावर पोरी पाठवायचे. एका घरी शब्द मोडला असता तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं, आणि त्या गावातून पुन्हा पोरगी मिळाली नसती. मॅडमना मॅच हरायची भीती फारशी नव्हती. भीती होती ती या एका गोष्टीची.

* * *

अकोल्याची एक स्पर्धा. मॅच झाली, आम्ही दुसऱ्या आलो, आणि बक्षीस द्यायला आलेले पाहुणे भाषणाला उभे राहिले. आधीच ते उशिरा आलेले. भाषण महिलांच्या प्रगतीवर होतं आणि संपायचं नाव घेत नव्हतं. इकडे ऊन मैदानाच्या भिंतीवर चढून राहिलेलं. परतवाड्याच्या दोघी रडायच्या बेतात.

मॅडम उठल्या, सरळ स्टेजवर गेल्या. आम्हाला वाटलं चिठ्ठी देतील. त्यांनी माईकच आपल्याकडे वळवला.

"साहेब, भाषण चांगलं हाय तुमचं. पण तुमच्या भाषणातल्या महिलांची गाडी चुकून राहिली."

आणि आम्हाला खूण केली. आम्ही सगळ्या कपाशिवाय पळालो. पाहुणे तोंड उघडं ठेवून उभे होते. कप आठ दिवसांनी एका ओळखीच्या कंडक्टरने आणून दिला, आणि त्यात तोवर त्याने सुपारी ठेवलेली होती.

* * *

मॅडमच्या खिशात फुटाणे असायचे. मॅच सुरू झाली की एकेक तोंडात. त्या हळू चावत असल्या तर आम्ही पुढे आहोत, भराभर चावत असल्या तर मॅच अडकली आहे. स्कोअरबोर्डापेक्षा आम्ही त्यांच्या जबड्याकडे जास्त पाहायचो. त्या चावायच्या थांबल्या तर काय होतं, हे मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं.

प्रॅक्टिसला फ्री थ्रोच्या वेळी त्या हातात जेवणाचं ताट घ्यायच्या आणि ज्या पोरीचा थ्रो असेल तिच्या कानाशी चमच्याने बडवायच्या. वर बोलणंही चालू. "हात हाय का भेंडी?" "हे पाहा, ही आता चुकते!" चुकली की सगळ्यांना भर उन्हात मैदानाच्या फेऱ्या. एकदा एक पोरगी रडायलाच लागली. मॅडमनी ताट खाली ठेवलं, तिच्या हातात बॉल दिला आणि म्हणाल्या, की आज मी ओरडते आहे तर रडून घे, अकोल्याच्या भिंतीवर पोट्टे बसतात, तिथे रडायचं नाही.

ते खरंच होतं. पुढच्याच मॅचला भिंतीवरच्या पोट्ट्यांनी आमच्या उंचीवर, कपड्यांवर, सगळ्यावर टोमणे सुरू केले. हाफ टाइमला मॅडम बॉल घेऊन भिंतीपाशी गेल्या. तोंड चालवणाऱ्या पोट्ट्याला प्रेमाने खाली बोलावलं, फ्री थ्रोच्या रेषेवर उभं केलं आणि म्हणाल्या, टाक. बॉल रिंगला तर सोडाच, बोर्डालाही लागला नाही. दुसऱ्याला बोलवायला त्या वळल्या तोवर भिंत रिकामी झाली होती.

* * *

परतवाड्याहून एकदा मॅच खेळून येत होतो. वाटेत जीप बंद पडली. ड्रायव्हर बोनेट उघडून नुसता पाहत राहिला. दिवस कलायला आलेला, रस्ता सुना. त्यात एकीने हळूच विचारलं, "मॅडम, आज जर नाही पोचलो तं?"

मॅडम जीपमधून उतरल्या. रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, जशा डिफेन्सला उभं राहायला आम्हाला शिकवायच्या. समोरून संत्र्याचा ट्रक आला. थांबतो की नाही, या विचारानेच आमचे डोळे मिटले. ब्रेक असा लागला, की मागची दोन-चार संत्री उडून मॅडमच्या पायाशी आली.

ट्रकवाला शिव्या द्यायला खाली उतरला आणि थोड्या वेळाने आम्हाला हात देऊन वर चढवत होता. आम्ही संत्र्यांवर बसून आलो. मॅडम समोर ड्रायव्हरच्या बाजूला बसून त्याला सारखं "अजून दाब" म्हणत होत्या. पहिल्या पोरीच्या गावच्या फाट्यावर तिचा बाप उभाच होता. मॅडमनी खिडकीतून हात काढून आभाळाकडे दाखवलं.

"भाऊ, उजेड हाय अजून."

* * *

आता वासुदेवभाऊ. वलगावचे. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. त्यांची रूपाली मॅडमना शेवटच्या वर्षांत मिळाली. तिचा नेम असा, की मॅडम तिच्या कानाशी ताट बडवून थकल्या.

पण वासुदेवभाऊ ऐकेनात. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मॅडम गेल्या तेव्हा मीही सोबत होते, कारण वकिली सांभाळून मी टीमची मॅनेजर झाले होते आणि गाडी माझी होती. वासुदेवभाऊ फुलं पोत्यात भरत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, खेळून काय भेटते. मी तोंड उघडणार, नोकरी, खेळाडूंचा कोटा वगैरे सांगणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काही नाही भेटत भाऊ."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. मग मॅडमनी आपलं वाक्य म्हटलं. वासुदेवभाऊ बराच वेळ फुलं भरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पाहू."

त्यांनी खरंच पाहिलं. कितीतरी महिने ते रोज संध्याकाळी फाट्यावर येऊन उभे राहायचे. पोरगी उतरली की आभाळाकडे एकदा पाहायचे आणि घराकडे वळायचे. मॅच पाहायला मात्र कधी आले नाहीत. मले त्यातलं काय समजते, म्हणायचे. रूपालीला त्याचं वाईट वाटायचं. ती बोलून दाखवायची नाही, पण प्रत्येक मॅचच्या आधी प्रेक्षकांवरून एकदा नजर फिरवायची, हे आम्ही पाहत होतो.

* * *

आणि ही फायनल. अकोल्याला, अकोल्याच्याच कॉलेजविरुद्ध, त्यांच्या नव्या हॉलमध्ये. मॅडमची शेवटची. अकोल्याच्या टीमला तिथे फायनलमध्ये आम्ही आजवर हरवलेलं नव्हतं, आणि रूपाली असल्यामुळे या वेळी हरवू असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मॅच दुपारी लवकर व्हायची, ती आधीच्या मॅचमुळे लांबली. मग स्कोअरबोर्ड बिघडला. सुरू झाली तेव्हाच मॅडमनी खिडकीतून भिंतीवर पडलेल्या उन्हाकडे पाहिलं. हाफ टाइमला बाकी पोरींच्या घरी फोन झाले, उशीर होईल म्हणून सगळ्यांनी परवानगी दिली. वासुदेवभाऊंचा फोन मात्र नुसता वाजत होता. घरात तो एकच फोन. मॅडमनी तिसऱ्या क्वार्टरमध्ये लावला, चौथ्यात लावला. उचलला नाही.

शेवटची दोन मिनिटं. स्कोअर बरोबरीत. हॉलमध्ये असा गोंधळ, की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. मी मॅडमकडे पाहिलं. त्या चावायच्या थांबल्या होत्या.

त्यांनी टाइम-आऊट घेतला. पोरी धापा टाकत गोळा झाल्या. आता शेवटची चाल सांगतील म्हणून सगळ्यांनी डोकी पुढे केली.

"रूपाली, बॅग उचल."

कोणाला काही समजलंच नाही. कॅप्टन स्नेहल म्हणाली, "मॅडम, दोनच मिनिटं आहेत."

"ही दोन मिनिटं वीस मिनिटं चालते. आता निघाली नाही तं अंधार पडते."

रूपाली बॅग उचलेना. बाबा काही म्हणणार नाहीत, मी समजावीन, असं ती परत परत सांगत होती. मॅडमनी बॅग उचलून तिच्या खांद्याला अडकवली.

"तुह्या बाबाले शब्द मी देल्ला, बाई. तू नाही देल्ला."

मी भांडले. कप हातातून जातो आहे, असं मॅडमना तोंडावर म्हटलं. त्यांनी माझ्या गाडीची चावी टेबलावरून उचलून माझ्या हातात ठेवली. मला त्यांचा त्या क्षणी भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू.

रस्त्यात रूपाली माझ्या शेजारी. अंगात तोच ड्रेस, मांडीवर बॅग. मावळता सूर्य मागे, माझ्या आरशात. मूर्तिजापूर गेलं, तो खाली आला. बडनेऱ्याला ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा मी हॉर्नवर हातच ठेवला. वलगावला पोचलो तेव्हा आभाळ लाल होतं, पण एकही दिवा लागला नव्हता. फाट्यावर कोणी उभं नव्हतं.

रूपालीची आई अंगणात आली आणि आम्हाला पाहून चकित झाली.

"तुमी दोघीच? अन् हे कुठी हायेत?"

"कोण?" रूपालीने विचारलं.

"तुहे बाबा. सकाळीच फुलाच्या गाडीवर अकोल्याले गेले, तुही मॅच पाहाले. पोरगी घाबरंल, तिले सांगू नको म्हने."

मी ओट्यावर पर्स टेकवून फोन काढला. मॅचसाठी आवाज बंद केलेला, त्यावर स्नेहलचे कितीतरी कॉल येऊन गेलेले; मी लावला. ती रडत होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

वासुदेवभाऊ पहिल्यापासून हॉलमध्येच होते. वर, अगदी शेवटच्या रांगेत, खांबाआड. मॅडम लावत होत्या तो फोन त्यांच्याच खिशात वाजत होता, आणि गोंधळात त्यांना ऐकू येत नव्हता. रूपाली बॅग घेऊन जाताना त्यांनी पाहिली. काय झालं ते कळेना. ते खाली उतरले आणि खेळ चालू असताना चपला घालून सरळ कोर्टातून चालत आमच्या बेंचपाशी आले.

"माह्या पोरीले कावून काढलं?"

रेफरीने शिट्टी मारली. बाहेरचा माणूस खेळ थांबवून बेंचवर आला, म्हणून आमच्यावर टेक्निकल फाऊल. अकोल्याला एक फ्री थ्रो. तो त्यांनी घातला. नंतर दोन्ही बाजूंनी धडपड झाली, पण कोणालाच बॉल घालता आला नाही. आम्ही त्या एका पॉइंटने हरलो.

मॅडम काय म्हणाल्या, मी विचारलं. स्नेहल म्हणाली, की मॅडमनी वासुदेवभाऊंकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "तुमालेच तं शब्द देल्ला होता, भाऊ." ते तिथेच खाली बसले. मॅडमनी त्यांच्या हातावर फुटाणे ठेवले, पण ते त्यांनी खाल्ले नाहीत, मुठीत धरून राहिले.

रूपालीने सगळं ऐकलं. कपडे बदलायला आत गेली नाही. आईने देवापाशी दिवा लावला, मग अंगणातला बल्ब लागला, शेजाऱ्यांचे लागले, रस्त्यावरचे लागले. ती ओट्यावर बसूनच होती.

टीमची गाडी दारात थांबली तेव्हा चांगला अंधार पडला होता. आधी मॅडम उतरल्या. त्यांच्या मागून वासुदेवभाऊ, हातात उपविजेत्याचा कप. अंगणाच्या मध्यात येऊन ते थांबले.

रूपाली उठून दारात उभी राहिली.

"बाबा, दिवे कवाचे लागले. कुठी होते?"

वासुदेवभाऊंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पायातल्या बुटांची नाडी सोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग वासुदेवभाऊ पुढे झाले आणि कप पोरीच्या हातात दिला.

"टेक्निकल झाला बाप्पा माह्याकून."